साडेचार बोटांचा थापा

इंदूरजवळच्या राऊतल्या आमच्या कॉलनीत नवीन ओळख झाली की मला एक प्रश्न हमखास येतो, की तुम्ही नोकरीत काय करत होतात? शाळेत किंवा बँकेत असते तर एका शब्दात भागलं असतं. मी धातूंच्या कारखान्यात होते म्हटलं की समोरची बाई मान डोलावते आणि सोन्याचा भाव विचारते. म्हणून आता मी एक ठरीव उत्तर ठेवलं आहे: आगीत राहून न जळणारं लोखंड बनवायचं, हे आमचं काम होतं.

यावर लोक हसतात, कारण लोखंड जळतं हेच मुळात त्यांना मान्य नसतं. मग मी त्यांना सिगडीच्या जाळीची आठवण करून देते. नवी जाळी बोटाएवढी जाड असते आणि वर्ष-दोन वर्षांत काडीएवढी बारीक होऊन मधूनच तुटते. ती झिजलेली नसते, जळालेली असते. तापलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन खातो, वर काळे पापुद्रे धरतात, ते गळून पडतात, की आतलं ताजं लोखंड उघडं पडतं आणि त्यालाही तो खातो. साधं लोखंड असं पापुद्र्या-पापुद्र्यानं संपत जातं.

आम्ही त्या लोखंडात पाव हिस्सा क्रोमियम आणि जवळपास तितकंच निकेल घालायचो. निकेलमुळे धातू तापल्यावरही अंग सोडत नाही. खरी गंमत क्रोमियमची. ऑक्सिजन आला की ते लोखंडाच्या आधी पुढं होतं, स्वतः जळतं आणि वर एक पातळ, घट्ट थर धरतं. गुडघा फुटल्यावर धरते तशी ती खपली. तिच्यातून ऑक्सिजनला आत शिरायला वाट राहत नाही. म्हणजे थोडंसं जळून घेऊन बाकीचं सगळं वाचवायचं, असा तो व्यवहार आहे. मात्र खपली खरवडायची नाही, हा नियम मुलांच्या गुडघ्याला जसा लागू, तसाच इथंही.

हा नियम लोकांना पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. इंदूरच्या छावणी भागातल्या एका शेववाल्या सेठना आम्ही कढईखालची जाळी ओतून दिली होती. ते रोज संध्याकाळी ती रेतीनं घासून चमकवून घ्यायचे. त्यांना मी सांगितलं की तुम्ही रोज तिची कातडी सोलता, ती रोज आतलं क्रोमियम खर्चून नवी कातडी करते, एक दिवस तिच्याजवळचं क्रोमियम संपेल. सेठ शांतपणे म्हणाले, "मॅडमजी, काली जाली पे ग्राहक का मन नहीं बैठता." जाळी वर्षभरात गेली, आणि त्यांनी दुसरीची ऑर्डर अगदी आनंदानं दिली.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला आठवले ते मोहितेदाजी. माळव्यात वडीलधाऱ्या माणसाला दाजी म्हणतात. दाजी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. तिथल्या मशीननं त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नेलं होतं. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे मिलमध्ये रुई पिंजत असतानाही त्यांची चाल शिपायाचीच होती. मिल बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. बरोबरीच्या कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेम्पो चालवला. दाजींना सांवेर रोडवर पटवाजींच्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं.

पटवाजींकडे गिअर कडक करून द्यायचे. त्यासाठी जमिनीत विहिरीसारखी भट्टी असते. तिच्या भिंतींना विजेच्या कॉइल असतात आणि आत एक पुरुषभर उंचीचं, नळकांड्यासारखं भांडं उभं असतं, त्याला रिटॉर्ट म्हणतात. गिअर त्या भांड्यात ठेवायचे, आत गॅस सोडायचा, झाकण घट्ट करायचं आणि बाहेरून तापवायचं. रिटॉर्टची बाहेरची बाजू रात्रंदिवस नऊशे अंशांच्या वर तापत राहते. ते आम्ही आमच्या फौंड्रीत ओतायचो, आणि तिथली प्रयोगशाळा माझ्याकडे होती.

ते दिवस मोठे विचित्र होते. एकीकडे मिलची धुराडी एकेक करून थंड होत होती आणि दुसरीकडे पीथमपूरच्या गाड्यांच्या कंपन्या बाहेरदेशच्या तोडीचा माल मागत होत्या. बाहेरचा मालही आता सहज मिळू लागला होता. पटवाजी मला दर भेटीत ऐकवायचे, की तुमचा रिटॉर्ट नीट चालला नाही तर मी विलायती मागवीन. आमचे साहेब, म्हणजे फौंड्रीचे मालक, ते ऐकून बशीतला चहा लांबवत बसायचे.

नवा रिटॉर्ट पटवाजींकडे पोचला त्या दिवशी पूजा होती. मी मागं उभी राहिले. आम्ही महूचे बौद्ध, आजोबा फौजेत हवालदार होते, आणि घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावण्यापलीकडे काही करायची रीत नव्हती. कारखान्यातल्या पूजेला मी जायचे, हात बांधून उभी राहायचे आणि पेढा मात्र सोडायचे नाही. सगळ्यांना ते माहीत होतं. पटवाजींच्या आईनं रिटॉर्टवर शेंदराचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. मग दाजी पुढं आले. त्यांनी चमेलीच्या तेलात कालवलेल्या शेंदरात हात बुडवला आणि स्वस्तिकाच्या खाली थापा उमटवला. साडेचार बोटांचा. थोडा वेळ ते हात तसाच टेकवून उभे राहिले, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग क्रेननं रिटॉर्ट खड्ड्यात उतरला.

दाजी त्या रिटॉर्टला माई म्हणायचे. भट्टी अशी जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. झटकन थंड केलं तर धातू आक्रसतो आणि खपली तडकते, हे मी एकदा सांगितलं, ते त्यांनी कायमचं लक्षात ठेवलं. रिटॉर्ट एका बाजूनं वाकू नये म्हणून मधूनमधून वर काढून थोडा फिरवून बसवावा लागतो, तेही ते वेळच्या वेळी करायचे. असा रिटॉर्ट चारपाच वर्षं सहज चालतो. आमचा तो दुसऱ्या वर्षीच गळायला लागला. गिअर मऊ निघाले आणि पीथमपूरहून परत आले. पटवाजींनी फोनवर साहेबांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी मला पाठवलं.

मी पोचले तेव्हा रिटॉर्ट बाहेर काढून ठेवला होता. दाजी त्याच्या शेजारी उभे होते, आजाऱ्याजवळ घरचा माणूस असतो तसे. मी भोवती फिरले. सगळं अंग हवं तसं होतं, करडं, मंद, एकसारखं. फक्त एका जागी पिवळट कवच धरलं होतं. मी छोट्या हातोडीनं ते ठोकलं. कवच गळून पडलं आणि खाली धातूत खोलवर गेलेला हात दिसला. अंगठा, तीन पूर्ण बोटं आणि मधलं अर्धं. तळव्याच्या जागी भोकं पडली होती.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हे मला पुस्तकातून माहीत होतं. भट्टीच्या उष्णतेत तो वितळतो आणि क्रोमियमच्या त्या खपलीला विरघळवून टाकतो. धातू नवी खपली धरतो, वितळलेलं शिसं तिलाही विरघळवतं. जी कातडी सगळ्या आगीला पुरून उरते, तिला शेंदराचा एक हात पुरेसा असतो. पण एका थाप्यानं एवढं व्हायला नको होतं. मी दाजींना विचारलं, की हे एकदाच लावलं होतं ना. तर ते उत्साहानं सांगू लागले की नाही, माई वर काढली की दर वेळी मी मारुतीच्या देवळातला शेंदूर आणून, जुन्याच जागी, बोटावर बोट ठेवून थापा द्यायचो. तिला दृष्ट लागू नये म्हणून.

तो हात कुणाचा हे कारखान्यात कुणालाही विचारावं लागणार नव्हतं. खरं सांगितलं तर दाजींची नोकरी जाणार होती, आणि त्या वयात, त्या दिवसांत, सांवेर रोडवर दुसरी मिळण्यासारखी नव्हती. आणि सांगणार कोण, तर कधी पूजेला हात न लावणारी मी. लोक म्हणाले असते, ही असंच म्हणणार.

त्या जागेचा तुकडा मी प्रयोगशाळेत तपासला. शिसं होतंच. आमच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, आता हे पटवाजींना तुम्हीच सांगा, मला जमायचं नाही.

मी सांगितलं. पटवाजी रिटॉर्टपुढं उभे राहिले, त्यांनी बोटं मोजावीत तसं पाहिलं आणि म्हणाले, की दाजींना आजच छुट्टी. तेव्हा मी त्यांना थाप्याच्या वर पाहायला सांगितलं. तिथं स्वस्तिकही धातूत उतरलं होतं. एकदाच काढलेलं, म्हणून उथळ, पण चारही हात स्पष्ट. मी म्हणाले की कारण एकच आहे, रिपोर्टमध्ये दोन्ही खुणा लिहाव्या लागतील. पटवाजींनी त्या स्वस्तिकावरून बोट फिरवलं.

"माँ को मत बताना," ते शेवटी म्हणाले.

दाजींच्या छुट्टीचा विषय तिथंच संपला. नव्या रिटॉर्टचं दोन्ही मालकांनी आपसात काय ते मिटवलं. मला वाटलं, सुटले. पण मी बोलत होते तेव्हा दाजी रिटॉर्टच्या पलीकडं उभे होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. पटवाजींनी निरोप धाडला, तरी आले नाहीत.

मी परदेशीपुऱ्यात त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की बंद मिलची भिंत दिसायची. दाजींनी मला खुर्ची दिली, स्वतः पाटावर बसले आणि उजवा हात पंच्याखाली झाकून घेतला. सुनेनं पोहे आणले. मी सांगितलं की पटवाजी रागावलेले नाहीत, चला.

"मालूम आहे मॅडमजी, सेठनं नाही काढलं," ते म्हणाले. "मीच नाही येत. मिलमधी दसऱ्याला आमच्या खात्यात पहिला थापा माझा असायचा. ती मिल गेली. आता माई बी गेली. हात तर एकच आहे ना. अब ये हाथ किसी मशीन को नहीं लगाना."

मिल का बंद पडली हे मी त्यांना समजावू लागले. जुनी यंत्रं, पॉवरलूमचं स्वस्त कापड, डोईजड झालेलं कर्ज, भोपाळ-दिल्लीच्या फायली. दाजी अदबीनं ऐकत होते, आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं हे मला दिसत होतं. शिशाचं सांगितलं, तर म्हणाले, की शेंदूर तर साऱ्या दुनियेत मशीनला लागतो, त्यांना नाही काही होत. मशीन गार असतात आणि माई तापते, हे त्यांना कळत होतं. पण जे मनात बसलं होतं ते कळण्यानं निघणारं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्या हातानं त्यांनी आयुष्यभर माया केली, त्यालाच ते आता भीत होते.

परत येताना बसमध्ये मला सुचलं. प्रयोगशाळेत आम्ही शंका आली की एक गोष्ट बदलून पाहतो. इथं दोन गोष्टी होत्या, एक हात आणि एक शेंदूर. त्यांची अदलाबदल करायची.

मी दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शेंदूर विकत घेतला. दुकानदारानं विचारलं, "चोला चढाना है?" म्हणजे मारुतीला शेंदूर माखायचा आहे का. मी होकारार्थी मान हलवली. जुन्या रिटॉर्टच्या चांगल्या भागातून पंजा मावेल एवढ्या दोन सारख्या पट्ट्या कापून घेतल्या आणि दाजींना निरोप पाठवला की नोकरीसाठी नाही, माझ्या कामासाठी एकदा या. माझं काम म्हटल्यावर ते आले.

चमेलीच्या एकाच तेलात मी एका वाटीत शेंदूर कालवला आणि दुसरीत हळद. दाजींना म्हटलं, तुम्ही हळदीचा थापा द्या. त्यांचा हात पुढं येईना. मी त्यांचं मनगट धरलं आणि हात पट्टीवर टेकवला. साडेचार पिवळी बोटं उमटली. मग मी माझा हात शेंदरात घातला आणि दुसऱ्या पट्टीवर दाबला. दाजी माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना माझ्या घरची रीत माहीत होती.

"जर दोष तुमच्या हातात असेल तर तुमची पट्टी जाईल," मी म्हणाले. "शेंदरात असेल तर माझी."

दोन्ही पट्ट्या मी प्रयोगशाळेतल्या छोट्या मफल भट्टीत ठेवल्या, खिडक्या उघडल्या आणि साबणानं हात धुतले, कारण शिशाचा धूर आणि शिशाचे हात दोन्ही वाईट. तरी संध्याकाळी महूला घरी आईला माझ्या नखांतला लाल रंग दिसलाच. तिनं विचारलं, हे काय. आई या बाबतीत कडक होती. मी सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "नीट घासून धू. आणि त्या म्हाताऱ्याला कामावर घेऊन ये."

भट्टी काही दिवस चालू ठेवली. मग ती हळूहळू थंड करून दाजींना बोलावलं. भट्टीचं दार मी त्यांनाच उघडायला लावलं. त्यांची पट्टी करडी, मंद, एकसारखी होती. हळद जळून गेली होती आणि मागं काही म्हणता काही राहिलं नव्हतं. माझ्या पट्टीवर पिवळट कवच धरलं होतं. ते ठोकलं तसं खाली खड्डे-खड्डे पडलेला माझा हात निघाला.

दाजींनी चष्मा लावला. आधी स्वतःच्या पट्टीवरून हात फिरवला, उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरली. मग माझ्या पट्टीवरच्या खड्ड्यांवरून अर्धं बोट फिरवलं, एकेका बोटावरून. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"किती लहान हात आहे तुझा, बेटा," ते म्हणाले. तोपर्यंत मी मॅडमजी होते. मग त्यांनी विचारलं, "आणि मिल?"

"मिल का गेली ते सगळं मलाही सांगता येणार नाही, दाजी. पण हातानं नाही गेली."

त्यांनी दोन्ही पट्ट्या मागितल्या. नमुने प्रयोगशाळेतून बाहेर द्यायचे नसतात. मी दिले.

पुढच्या सोमवारी ते कामावर गेले. नवा रिटॉर्ट आला तेव्हा पूजेला शेंदूर नव्हता. पटवाजींच्या आईला काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, त्यांनी हळदीचं स्वस्तिक काढलं, तेही भट्टीच्या बाहेरच्या गार पत्र्यावर. दाजींनी तिथंच थापा दिला. मग मागं वळून मला बोलावलं. सगळे बघायला लागले, मी जागची हलेना. "पूजा नको करू," ते म्हणाले. "तू जशी ठोकून बघतेस, तशी बघ." भांड्याला तडा असेल तर ते बद्द वाजतं, म्हणून आम्ही ओतीव माल हातोडीनं वाजवून घ्यायचो. मी रिटॉर्टवर हातोडी मारली. स्वच्छ घंटेसारखा आवाज आला आणि तो विरेपर्यंत दाजी कान देऊन उभे होते. तो रिटॉर्ट सहा वर्षं चालला.

आमची फौंड्री मात्र तितकी टिकली नाही. विलायती माल आला, मग चिनी आला, आणि एक दिवस आमच्या साहेबांनीही दार ओढून घेतलं. ती चांगला माल बनवत होती, हे मी अजूनही भांडून सांगते. मी पीथमपूरला एका तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. दाजींची भेट मग कमी होत गेली, तेवढी एक गोष्ट मनाला लागून आहे.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी परदेशीपुऱ्यात गेले. मिलच्या जागी मोठी मोकळी जमीन पडली होती. सुनेनं मला ओळखलं, आत नेलं. देवघरात मारुती, खंडोबा आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून माझी पट्टी. खड्ड्या-खड्ड्यांत ताजी हळद भरली होती.

"हा तुमचाच हात ना?" सून म्हणाली. "बाबा सांगायचे. रोज हळद लावते मी. शेंदूर नाही. बाबांनी सांगून ठेवलं होतं, मारुतीला शेंदूर, पण या हाताला चालत नाही."

तिनं मागून दुसरी पट्टी काढून माझ्यापुढं धरली.

"ही पण जपायचे, उशाशी घेऊन झोपायचे शेवटी शेवटी. का ते नाही कळलं कधी. यावर तर काहीच नाही, बिलकुल कोरी आहे."

"कोरी नाही," मी म्हणाले. "त्यावर दाजींचा हात आहे."

तिनं पट्टी वळवून पाहिली. मग ती माझ्या पट्टीच्या शेजारी उभी केली, हळदीची वाटी जवळ ओढली आणि तिलाही बोट लावलं.